थंडीतला युरोप दोघांसाठी : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

नोकरीनिमित्त युरोपात किंवा ब्रिटनमध्ये राहणाऱ्या वाचकांची पत्रं दिवाळीचा फराळ संपता संपता यायला लागतात, आणि बहुतेकांत एकच विचारलेलं असतं : नाताळच्या सुट्टीत दोघांनी कुठं जायचं, कसं जायचं? या वेळचं सदर त्या पत्रांसाठी. बाजारांच्या तारखा, तिकिटांचे दर आणि परवान्यांचे नियम दर वर्षी थोडे सरकतात, म्हणून पैसे भरण्याआधी त्या त्या ठिकाणच्या अधिकृत संकेतस्थळावर एकदा नजर टाकावी.

प्रश्न : २२ डिसेंबर ते १ जानेवारी अशी सलग सुट्टी मिळाली आहे. स्टुटगार्टहून निघून न्युरेंबर्ग, प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट, साल्झबर्ग आणि हालस्टाट करायचं आहे. सगळीकडचे नाताळ बाजार बघायचे आहेत. जमेल ना?
— एक जोडपं, स्टुटगार्ट

जमेल, पण बाजारांपेक्षा रेल्वेचे डबेच जास्त बघून होतील. हिवाळ्यात अंतरं मोजायच्या आधी उजेड मोजावा. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात प्रागला सूर्य सकाळी आठच्या सुमारास उगवतो आणि दुपारी चारला मावळतो. मुंबईत याच दिवसांत अकरा तास उजेड असतो, तिथं आठ. त्यातले चार तास गाडीत गेले की शहर अंधारातच बघायचं. मेमध्ये सहा शहरं धावत करणारी माणसं डिसेंबरात तीनच करतात, आणि ती नीट करतात.

दुसरी अडचण तारखांची. जर्मनीतले बहुतेक बाजार नाताळच्या आधी बसतात आणि नाताळ आला की उठतात. तुमच्या स्टुटगार्टचा बाजार २३ डिसेंबरला आवरतो, न्युरेंबर्गचा २४ च्या दुपारी. व्हिएन्नात नगरभवनासमोरचा मोठा बाजार २६ पर्यंत असतो, तर प्रागच्या जुन्या चौकातला ६ जानेवारीपर्यंत. गेल्या काही वर्षांचा हा शिरस्ता आहे. म्हणजे प्रवासाचा क्रम नकाशावरून न लावता बाजार कुठला आधी उठतो त्यावरून लावायचा.

आमचं मत असं : २२ ला न्युरेंबर्ग, एक रात्र. २३ ला प्राग. न्युरेंबर्गहून प्रागला थेट वेगवान रेल्वे नाही, बस बरी. साधारण चार तास धरा. प्रागमध्ये २७ पर्यंत राहा, मग रेलजेट या वेगवान रेल्वेने चार तासांत व्हिएन्ना (नगरभवनासमोरचा बाजार तोवर उठलेला असेल, तेवढं सोडावं लागेल), आणि १ तारखेला परत. बुडापेस्ट व्हिएन्नाहून पावणेतीन तासांवर आहे, पण ते एका दिवसात उरकण्याचं शहर नव्हे. त्याला वेगळी सुट्टी द्या. हालस्टाट या खेपेला गाळा. तिथलं रेल्वे स्थानक तळ्याच्या एका काठाला आणि गाव दुसऱ्या काठाला, मधे होडी. डोंगरांच्या मधोमध असल्यामुळे ऐन हिवाळ्यात ऊनही जेमतेमच.

एक गोष्ट आजच वहीत लिहून ठेवा. चेक कायद्यानुसार २०० चौरस मीटरपेक्षा मोठी दुकानं २४ डिसेंबरला दुपारी बारानंतर बंद होतात, २५, २६ आणि १ जानेवारीला पूर्ण बंद असतात. २४ च्या संध्याकाळी ट्राम, बस कमी होतात आणि बरीच उपाहारगृहं कुलूपबंद. तेव्हा २३ च्या संध्याकाळी दूध, ब्रेड, फळं, दही घेऊन ठेवा आणि खोली घेताना छोटं स्वयंपाकघर असलेली घ्या. अगदीच अडलं तर मोठ्या रेल्वे स्थानकांतली दुकानं.

प्रश्न : आम्ही कोलोनला राहतो, दोघांचेही पासपोर्ट भारतीय. ८ जानेवारीला लग्नाचा वाढदिवस आहे, तेव्हा ट्रोम्सोला जाऊन उत्तरेचा ध्रुवीय प्रकाश बघायचा आहे. दोन रात्री पुरतील का? मोबाइलवर फोटो येतो का?
— वाचक, कोलोन

दोन रात्रींत दिसला तर नशीब, आणि नशिबावर विमानाची तिकिटं काढू नयेत. चार रात्री ठेवा. ट्रोम्सो ६९ अंश उत्तरेपेक्षाही वर आहे, ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्याच्या अगदी खाली, त्यामुळे प्रकाश तिथं बहुतेक रात्री असतोच. आडवे येतात ते ढग. गाव समुद्राकाठी आहे आणि जानेवारीत तिथं ढग, पाऊस, बर्फ आलटून पालटून असतात. लोक दिवसभर फोनवर ‘केपी’चा, म्हणजे ध्रुवीय प्रकाशाचा जोर सांगणारा आकडा बघत बसतात, त्या अक्षांशावर केपी १ किंवा २ सुद्धा पुरतो. आकडा सोडा आणि नॉर्वेच्या ‘यर’ या हवामान सेवेवर तासागणिक ढगांचा अंदाज बघा.

छोट्या बसने निरभ्र आकाश शोधत नेणाऱ्या सहली मिळतात. त्या बऱ्याचदा आत, स्किबोटन किंवा फिनलंडच्या हद्दीकडे जातात, कारण डोंगरांच्या पलीकडे हवा कोरडी. महाबळेश्वरला धो धो आणि माण-खटावला कोरडं, त्यातलाच प्रकार. स्वीडनमधल्या अबिस्कोची कीर्ती याच कारणाने आहे : नॉर्वेचे डोंगर ओलावा अडवतात. सहल पहिल्या रात्रीची घ्या. रद्द झाली तर पुढच्या रात्री हाताशी उरतात. स्वतः गाडी चालवत ढगांमागे जाऊ नका. अंधार, बर्फाचा रस्ता आणि वर बघणारा चालक हे तिन्ही एकत्र नकोत.

ट्रोम्सोला साधारण २७ नोव्हेंबर ते १५ जानेवारी सूर्य उगवतच नाही. पण म्हणून चोवीस तास काळोख असतो असं नाही. दुपारी काही तास निळसर संधिप्रकाश असतो आणि तो फार सुंदर दिसतो. फिरणं, फोटो, जे काय करायचं ते त्यात. प्रकाशाची वाट संध्याकाळी सहा ते रात्री एकपर्यंत बघायची.

आता फोटो. डोळ्यांना फिकट प्रकाश राखाडी ढगासारखा दिसतो, हिरवा रंग कॅमेऱ्याला आधी कळतो. तेव्हा शंका आली की आधी फोनने एक फोटो काढून बघा. फोनसाठी लहान तिपाई हवीच. रात्रीचा मोड, उघडझाप ३ ते १० सेकंद, दोन सेकंदांचा टायमर (बोट लागून फोन हलतो म्हणून) आणि फ्लॅश बंद. तुमच्या फ्लॅशने शेजारच्या दहा जणांचे फोटो जातात. कॅमेरा असेल तर फोकस हाताने अनंतावर, भिंग जितकं उघडतं तितकं उघडं, आयएसओ १६०० ते ३२००, वेळ ५ ते १५ सेकंद. प्रकाश जोरात नाचायला लागला की वेळ कमी करा, नाहीतर पडद्यांचे सगळे पदर एकमेकांत मिसळून नुसता हिरवा लगदा येतो. थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते. जादा बॅटरी आणि फोन आतल्या खिशात, अंगाच्या उबेला. आणि परतल्यावर कॅमेरा तसाच गरम खोलीत नेऊ नका. बाहेरच प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा, तासा-दोन तासांनी उघडा. म्हणजे बाष्प पिशवीवर धरतं, भिंगाच्या आत जात नाही.

तुम्ही विचारलेलं नाही, पण सांगायलाच हवं. जर्मन सार्वजनिक आरोग्य विम्याच्या कार्डाच्या मागे युरोपीय आरोग्य विमा कार्ड असतं, आणि ते सगळीकडे चालतं अशी आपल्या लोकांची समजूत आहे. युरोपीय संघाबाहेरचं नागरिकत्व असलेल्यांना ते कार्ड डेन्मार्क, नॉर्वे, आइसलँड, लिख्टेनश्टाइन आणि स्वित्झर्लंड इथं वापरता येत नाही. बर्फावर मनगट मोडलं तर बिल थेट तुमच्या नावावर. जिथं कार्ड चालतं तिथंही डोंगरातून हेलिकॉप्टरने उतरवण्याचा किंवा घरी परत आणण्याचा खर्च त्यात बसत नाही. जर्मनीत परदेश प्रवासाचा वार्षिक आरोग्य विमा वेगळा मिळतो, माणशी दोन-तीन वेळच्या बाहेरच्या कॉफीइतक्या पैशात. घेताना ‘बचावकार्य’ आणि ‘मायदेशी परत आणणं’ हे दोन शब्द त्यात आहेत का बघा.

प्रश्न : पत्नी जानेवारीत पुण्याहून हॅम्बुर्गला येतेय. लगेच आठ दिवस प्राग आणि व्हिएन्ना आहे. तिने तिथून काय कपडे आणावेत? सासूबाई दोन जाड रजया पाठवायच्या म्हणतायत.
— वाचक, हॅम्बुर्ग

रजयांबद्दल सासूबाईंना गोडीगुलाबीने सांगा की घरं वीस-बावीस अंशांवर तापवलेली असतात. खरी अडचण इथेच आहे : बाहेर शून्य किंवा उणे पाच, आत बावीस. दिवसातून दहा वेळा आत-बाहेर होतं. एकच जाडजूड कपडा घातला की ट्राममध्ये घाम येतो, आणि तो घाम बाहेर पडल्यावर गारठवतो. म्हणून तीन थर, आणि वरचे दोन पुढून उघडणारे. अंगाला लागून पातळ मेरिनो लोकर किंवा पॉलिएस्टर. त्यावर स्वेटर किंवा फ्लीस. वर वारा आणि पाणी अडवणारा, मांड्या झाकेल इतका लांब कोट. आपल्याकडच्या बाजारात मिळणारे सुती अस्तराचे थर्मल आणू नका. सूत ओलावा धरून ठेवतं.

बूट मात्र तिकडून आणू नयेत, इथं घ्यावेत. तळवा रबराचा, खोल खाचांचा. बोटं आत हलायला हवीत. थंडी वाजते म्हणून दोन मोजे घालून बूट घट्ट करणं ही सगळ्यात सर्रास होणारी चूक आहे. रक्त खेळत नाही आणि पाय आणखी गार पडतात. लोकरीचा एकच जाड मोजा आणि बूट अर्ध्या मापाने मोठा. फार बर्फ असेल तिथं बुटावर चढवायचे खिळ्यांचे रबरी पट्टे मिळतात, दुकानात शिरताना काढायचे. चालताना छोटी पावलं, आणि हात खिशाबाहेर. घसरलं तर सावरायला तेच कामाला येतात.

बोटांचे हातमोजे फोनसाठी, पण खरी ऊब हवी तर चारही बोटं एकत्र असणारे. टोपी कान झाकणारी. उणे पंधराच्या खाली जायचं असेल तर धातूचे मोठे कानातले हॉटेलवर ठेवा. साडी नेसायची हौस असेल तर जरूर, आत लोकरी लेगिंग्ज घालून. फक्त रेशमी नको. रस्त्यावर मीठ टाकलेलं असतं, वितळलेल्या बर्फाच्या गाळातून ते काठाला लागतं आणि डाग बसतो. बुटांवर पांढरे डाग पडले तर समभाग पाणी आणि व्हिनेगरच्या फडक्याने पुसा.

खोबरेल तेल चोवीस अंशांच्या खाली गोठतं. अरुंद तोंडाच्या बाटलीतलं तेल म्हणजे तिथं विटेचा तुकडा. रुंद तोंडाच्या डबीत आणा, चमच्याने निघेल. तापवलेल्या खोल्यांतली हवा कोरडी असते, ओठ आणि टाचा पहिल्या आठवड्यात फुटतात, म्हणून ते उपयोगी पडतंच. मात्र तूप, पेढे, खवा बॅगेत भरू देऊ नका. युरोपीय संघात बाहेरून येताना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला प्रवाशांना मनाई आहे, आणि विमानतळावर साजूक तुपाचा डबा कचऱ्यात पडताना बघणं कुणालाच सोसत नाही. चकल्या, भाजणी, मेतकूट खुशाल आणावं.

प्रश्न : बर्लिनला आहोत. माझ्या निवास परवान्याचं नूतनीकरण अडकलंय, हातात फक्त तात्पुरता कागद आहे. यजमान म्हणतात, शेंगेनमध्ये कोण बघतं, पॅरिसला जाऊन येऊ. जाऊ का?
— वाचिका, बर्लिन

यजमानांना सांगा, बघतात. जर्मनीने सप्टेंबर २०२४ पासून सगळ्या भूसीमांवर तपासणी सुरू केली आणि बसमध्ये चढून कागद पाहिले जातात. तुमच्या कागदाला फिक्शन्सबेशाइनिगुंग म्हणतात आणि त्यात तीन चौकटी असतात. तिसरी, म्हणजे निवास कायद्याच्या कलम ८१ पोटकलम ४ ची चौकट खुणावलेली असेल तर जुन्या संपलेल्या परवान्यासह परत येता येतं. पहिली किंवा दुसरी असेल तर बाहेर पडल्यावर परतीला अडवलं जाऊ शकतं. तिसरी असली तरी जुनं कार्ड, पासपोर्ट आणि तो कागद तिन्ही जवळ हवेत. शिवाय विमानाच्या काउंटरवरच्या माणसाला हा कागद ओळखीचा असेलच असं नाही.

आम्ही असतो तर कार्ड येईपर्यंत सीमा ओलांडली नसती. ड्रेस्डेन दोन तासांवर आहे. तिथला श्ट्रीत्सेलमार्क्ट हा नाताळ बाजार १४३४ पासूनचा. तिथून एर्त्सगेबिर्गेतलं झाइफेन हे लाकडी खेळण्यांचं गाव, किंवा हार्त्समध्ये वाफेच्या इंजिनाने ब्रोकेनचा डोंगर. पॅरिस कुठं पळत नाही.

प्रश्न : दोघेही शाकाहारी, अंडंही नाही, शिवाय सौभाग्यवतींचे मार्गशीर्षातले गुरुवार. नाताळ बाजारात खायचं काय?
— वाचक, फ्रँकफुर्ट

गुरुवारी भाजलेल्या चेस्टनट आणि साखरेत घोळवलेले बदाम. उपवासाला चेस्टनट चालतात का, हे घरच्या थोरांना विचारा. आमच्या मते शिंगाड्याला चालतं ते याला चालावं. भाजलेला बटाटा दह्यासारख्या क्वार्कबरोबर मिळतो, तोही चालेल.

इतर दिवशी नाव बघून फसू नका. बटाट्याच्या थालीपिठासारखं दिसणारं काटोफेलपुफर बहुतेक ठिकाणी अंडं घालून करतात. श्पेत्सलं (पिठाच्या जाड शेवया) आणि कायझरश्मार्न (गोड धिरड्याचे तुकडे) यांतही अंडं. फ्लामकुखन या पातळ पिझ्झासारख्या पदार्थावर डुकराच्या चरबीचे तुकडे ठरलेलेच. मसूर सूप ‘सॉसेजशिवाय’ दिलं तरी शिजताना त्यात चरबी पडलेली असू शकते. ‘मांस नको’ एवढंच सांगून भागत नाही, कारण ‘श्पेक’ (डुकराची खारवलेली चरबी) आणि ‘शिंकन’ (हॅम) यांना बरेच विक्रेते मांसात धरत नाहीत. ती नावं घेऊन नाही म्हणा. हंगेरीचा लांगोश, म्हणजे लसूण लावलेली मोठी तळलेली पुरी, बहुधा बिनअंड्याची असते, पण तळलंय कशात ते विचारा. गरम वाइन नको असेल तर ‘किंडरपुन्श’ हे बिनदारूचं गरम पेय मागा. कप परत केला की अनामत परत मिळते, दोन ते पाच युरो. थंडीत कुडकुडत लोक ती घ्यायचीच विसरतात.

रात्रीची सोय खोलीवर. एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी भाजलेली मूगडाळ, हळद, मीठ, आणि घरीच तेलात करून गार केलेली जिरं-हिंगाची फोडणी एका पिशवीत मिसळून न्या. तिथं साडेचार वाट्या पाणी घातलं की खिचडी. अॅल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर तापत नाही, लहान विजेचा राइस कुकर बरा. जर्मन गोल जाड प्लग स्वित्झर्लंडच्या सॉकेटमध्ये बसत नाही, चपटा दोन पिनांचा बसतो. आणि फोडणी घरीच करा म्हटलं त्याला कारण आहे : हॉटेलच्या खोलीत मोहरी तडतडली की छतावरचं धुराची सूचना देणारं यंत्र वाजतं, अग्निशमनची गाडी येते, आणि गाडीचं बिल पाहुण्याला लागू शकतं.

प्रश्न : म्युनिकहून गाडीने ऑस्ट्रियात, इन्सब्रुकच्या बाजूला जायचं आहे. गाडीला चारही ऋतूंचे टायर आहेत. चालतील?
— वाचक, म्युनिक

टायरच्या बाजूवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असं चिन्ह आहे का बघा. जर्मनीत १ ऑक्टोबर २०२४ पासून हिवाळी टायर म्हणून तेच चिन्ह धरतात. नुसतं ‘एम अधिक एस’ (चिखल-बर्फाचं जुनं चिन्ह) आता पुरत नाही. पकडलं तर ६० युरो दंड आणि एक दंडगुण, वाहतूक अडवली तर जास्त. ऑस्ट्रियात १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल या काळात रस्ता हिवाळी असेल तेव्हा हिवाळी टायर सक्तीचे, आणि खाच किमान ४ मिलिमीटर हवी. चार मिलिमीटरच्या खाली गेलेला हिवाळी टायर तिथं हिवाळी धरत नाहीत, हे भाड्याची गाडी घेतानाही तपासा. जर्मनीत भाड्याच्या गाडीला हिवाळी टायरचे पैसे अनेकदा वेगळे लावतात.

ऑस्ट्रियात महामार्गासाठी व्हिन्येट, म्हणजे ठरावीक मुदतीचा टोल-परवाना, लागतं आणि ब्रेनरकडे जाणाऱ्या रस्त्याचा टोल त्याहून वेगळा. गाडीत त्रिकोण, परावर्तक जाकीट, प्रथमोपचार पेटी. काच धुण्याचं पाणी उणे वीसपर्यंत न गोठणारं भरा. उन्हाळी पाणी राहिलं तर नळ्या गोठतात आणि मिठाच्या चिखलाने काच पाच मिनिटांत आंधळी होते. बर्फ धरलेल्या काचेवर गरम पाणी कधीच ओतू नका, तडा जातो, खरवडणी वापरा. काच खरवडताना इंजिन चालू ठेवायला जर्मनीत बंदी आहे. टपावरचा बर्फही खाली काढायचा, नाहीतर पहिल्याच ब्रेकला तो तुमच्या काचेवर येतो. साखळ्या घेतल्या असतील तर अंगणात उजेडात एकदा चढवून बघा. पहिल्यांदा उणे दहात, अंधारात, हातमोजे काढून शिकायची ती गोष्ट नाही. पूल रस्त्याच्या आधी गोठतात. तिथं ब्रेकही नको, स्टिअरिंगला झटकाही नको.

आणि परवाना. जर्मनीत राहायला आल्यापासून सहा महिन्यांनी भारतीय परवान्यावर तिथं गाडी चालवता येत नाही. पंचवीस वर्षं पुण्यात चालवली असली तरी.

प्रश्न : स्वित्झर्लंडमधल्या युंगफ्राउयोख या उंच डोंगरावरच्या रेल्वे स्थानकाचं तिकीट महिनाभर आधी काढून ठेवावं का?
— जोडपं, हायडेलबर्ग

नको. पैसे जातात ते इथं. योखवर कॅमेरे बसवलेले आहेत, त्यांचं चित्र फुकट दिसतं. निघायच्या सकाळी ते बघा आणि मगच तिकीट काढा. खाली इंटरलाकेनला धुकं आहे म्हणून बेत मोडू नका. हिवाळ्यात थंड हवा खोऱ्यात साठून धुक्याचं झाकण बसतं आणि त्याच्या वर लख्ख ऊन असतं. धुक्याची वरची पातळी किती मीटरवर आहे हे स्विस हवामान खातं सांगतं.

योख ३,४५४ मीटरवर आहे. हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास. ग्रिंडेलवाल्डहून केबलगाडी १५ मिनिटांत आयगरग्लेचरला सोडते, तिथून पुढे बोगद्यातून गाडी, म्हणजे शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही. वर पोहोचल्यावर धावत सेल्फीला जाऊ नका. दहा मिनिटं बसा, पाणी प्या. डोकं दुखून उमासे यायला लागले तर पुढच्या गाडीने उतरा. स्विस ट्रॅव्हल पास ग्रिंडेलवाल्ड किंवा वेंगेनपर्यंतच पूर्ण चालतो, वर फक्त २५ टक्के सवलत. अर्ध्या दराच्या कार्डावर निम्मं तिकीट. तीन-चार दिवसांचा मुक्काम आणि एक मोठा डोंगर असेल तर बहुधा अर्ध्या दराचं कार्डच परवडतं. पास आधीच घेतला असेल तर १,७९८ मीटरचं रिगी करा. ते पासमध्ये पूर्ण धरलेलं आहे, आणि फिट्सनाउहून १८७१ पासून तिथं दात्यांची रेल्वे चालते.

प्रश्न : बर्फामुळे विमान किंवा रेल्वे रद्द झाली तर भरपाई मिळते का?
— वाचक, ॲमस्टरडॅम

विमानाची २५० ते ६०० युरोंची भरपाई हिमवादळात मिळत नाही, ती कंपनीच्या हाताबाहेरची गोष्ट धरतात. पण दुसरं विमान किंवा पैसे परत, आणि वाट बघताना जेवण व रात्रीचं हॉटेल, हे बर्फ असो वा नसो द्यावंच लागतं. काउंटरवरची माणसं ‘भरपाई नाही’ म्हणतात आणि लोक मुकाट स्वतःच्या पैशाने हॉटेल घेतात. मागा. नाहीच दिलं तर साध्यातल्या हॉटेलची पावती जपून ठेवा.

रेल्वेत एक तासाच्या उशिराला २५ टक्के, दोन तासांपुढे ५० टक्के परत मिळतात. अतिटोकाच्या हवामानात रेल्वे यातून सुटू शकते, मात्र दुसऱ्या गाडीने पोहोचवणं किंवा पैसे परत करणं यातून सुटत नाही. जर्मनीत मुक्कामी २० मिनिटांहून जास्त उशीर होणार असं दिसलं की स्वस्त तिकिटावरची ‘याच गाडीने’ ही अट गळते. सगळा प्रवास एकाच तिकिटावर काढा. दोन वेगळ्या तिकिटांत पहिली गाडी चुकवते आणि दुसरीवाला हात वर करतो. दिवसातली शेवटची गाडी हिवाळ्यात धरू नये.

प्रश्न : आम्ही लेस्टरला आहोत. शेंगेन व्हिसा नोव्हेंबरात काढला तर चालेल का?
— वाचक, लेस्टर

नियमाने अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून पंधरा दिवस आधीपर्यंत करता येतो. पण नाताळच्या आधीच्या भेटीच्या वेळा फार लवकर भरतात, ऑगस्ट-सप्टेंबरातच लागा. जून २०२४ पासून प्रौढाला ९० युरो शुल्क. अर्ज ज्या देशात रात्री जास्त त्याच्याकडे. सारख्या असतील तर जिथं पहिलं पाऊल पडणार त्याच्याकडे. ‘तारीख मिळाली’ म्हणून भलत्याच देशाकडे अर्ज करून फ्रान्समध्ये आठ दिवस काढणं महागात पडतं. विमा किमान ३०,००० युरोंचा. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला, परतीनंतर तीन महिने वैध, दोन पानं कोरी. १२ ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर बोटांचे ठसे आणि चेहरा नोंदवणं टप्प्याटप्प्याने सुरू झालं आहे, पहिल्या वेळी जादा तास धरा. आणि निघण्याचा दिवस २५ डिसेंबर ठेवू नका : त्या दिवशी ब्रिटनमध्ये रेल्वे नसते, लंडनची भुयारी रेल्वेसुद्धा.

प्रश्न : मला थंडी सोसतच नाही. ‘अहों’ना बर्फ हवा आहे. मधला मार्ग?
— वाचिका, ब्रुसेल्स

दक्षिण स्पेन. सेव्हिलला जानेवारीत दुपारी पंधरा-सोळा अंश असतं, संत्री झाडावर लटकत असतात. अहोंसाठी ग्रानादा : शहर जवळपास ७०० मीटरवर आणि मागे बर्फाच्छादित सिएरा नेवादा. तिथल्या अल्हाम्ब्रा या जुन्या किल्ल्या-राजवाड्याची तिकिटं नावावर असतात आणि आधीच संपतात, आत नासरी महालांना ठरलेली वेळ असते. ती चुकली तर महाल गेले. पासपोर्ट जवळ ठेवा. ५ जानेवारीच्या संध्याकाळी तीन राजांची मिरवणूक निघते, ६ ला सुट्टी.

एवढं मात्र बघून खोली घ्या : दक्षिणेत बाहेरच्यापेक्षा घरातच जास्त गारठा असतो. फरशी दगडी, भिंती उन्हाळ्यासाठी बांधलेल्या, आणि जुन्या घरांत हीटर म्हणजे भिंतीवरचा एसी. जाहिरातीत ‘कालेफाक्सिओन’ (हीटर) लिहिलेलं असलं तरी तो प्रत्येक खोलीत आहे का आणि रात्रभर चालतो का, हे मालकाला विचारून मगच पैसे भरा.